समुद्रपुष्प : फुलासारखा दिसणारा प्राणी

पाठाचा हेतू

वनस्पती आणि प्राणी यांतील भेद प्राथमिक शाळेतील मुलांस लवकर शिकविला जातो. झाड एका जागी उभे असते व प्राणी हिंडतो. झाडास फुले येतात व प्राण्यास तोंड, डोळे, पाय असतात, अशी उत्तरे वर्गात सहज मिळतात. ही उत्तरे बहुधा बरोबर असतात; परंतु ती पाहून मिळविलेली नसतात, ऐकून पाठ झालेली असतात. ज्या सजीवापुढे ही पाठ केलेली उत्तरे थिटी पडतात असा एखादा सजीव समोर आला, म्हणजे निरीक्षणाची खरी गरज मुलांच्या ध्यानी येते. खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर राहणारे समुद्रपुष्प हा असाच एक सजीव होय.

समुद्रपुष्पांच्या जाती पुष्कळ आहेत. या पाठासाठी त्यांपैकी एकच जात निवडली आहे. ती युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः ब्रिटिश बेटांच्या खडकांवर, विपुल आढळते. तिच्याविषयीच्या नोंदी दोन शतकांहून अधिक काळ होत आल्या आहेत. त्यामुळे त्या प्राण्याची माहिती आणि ती माहिती माणसाने कशी मिळविली याची हकीकत, या दोन्ही गोष्टी मुलांपुढे एकत्र मांडता येतात. पाठाच्या अखेरीस कोकणच्या किनाऱ्यावर याच रीतीने काय पाहता येईल, ते सांगितले आहे.

प्रथमदर्शन

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स किंवा आयर्लंड येथील खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी फिरताना खडकांच्या कपारीत मोठ्या बोराएवढे चकचकीत गोळे चिकटलेले दिसतात. कोणी आमसुलासारखा गडद तांबडा, कोणी तपकिरी, कोणी हिरवा, तर कोणी नारिंगी असतो. हात लावला तर गोळा मऊ, ओला व बुळबुळीत लागतो. त्यात डोके नाही, पाय नाहीत, हालचाल नाही. समुद्राने किनाऱ्यावर टाकून दिलेला हा कसलासा चिकट पदार्थ असावा, असे अनोळखी माणसास वाटते.

काही तासांनी भरतीचे पाणी चढू लागते. गोळा पाण्याखाली गेला की त्याच्या माथ्यावरील बारीक छिद्र हळूहळू रुंदावते. आतून बोटांसारखी मऊ टोके बाहेर डोकावतात, ती लांब होतात, चोहीकडे पसरतात. थोड्याच वेळात त्या गोळ्याच्या जागी शेवंतीसारखे दाट पाकळ्यांचे एक फूल पाण्यात डुलताना दिसते. पाणी ओसरले की फूल मिटते आणि पुन्हा गोळा होतो. हा क्रम भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा चालतो.

पूर्ण उमललेल्या समुद्रपुष्पाच्या ‘पाकळ्यां’च्या खाली, कडेला लागून, निळ्या मण्यांची एक सुंदर माळ असते. या मण्यांवरूनच इंग्रजीत या जातीस ‘बीडलेट’ हे नाव पडले; ‘बीड’ म्हणजे मणी. शास्त्रीय भाषेत तिला ‘ॲक्टिनिया इक्वाइना’ म्हणतात. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ साली तिचे वर्णन केले. एकाच जातीत तांबडे, हिरवे, तपकिरी असे रंगभेद असतात, ही गोष्ट शिक्षकाने येथेच सांगून ठेवावी. रंग निराळा म्हणून जात निराळी, असा समज मुले सहज करून घेतात. माणसांच्या केसांचा वा गायींचा रंग वेगवेगळा असतो, तसाच हा प्रकार आहे.

फूल की प्राणी ?

या ठिकाणी वर्गास एक प्रश्न विचारावा : “हे फूल आहे की प्राणी ?” काही मुले म्हणतील, हात लावताच ते मिटते, म्हणून तो प्राणी. त्यावर शिक्षकाने लाजाळूच्या झाडाची आठवण द्यावी. लाजाळूची पानेही स्पर्श होताच मिटतात. पण लाजाळू ही वनस्पतीच आहे. आणखी कोणी म्हणेल, ते लहान जीव पकडते, म्हणून तो प्राणी. त्यावर दवबिंदू या वनस्पतीचे उदाहरण द्यावे. पावसाळ्यात कोकणच्या सड्यांवर उगवणारी ही लहानशी वनस्पती आपल्या चिकट केसांवर किडे धरते. तरीही तिची पाने सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करीतच असतात. म्हणजे नुसते मिटणे किंवा नुसते पकडणे एवढ्यावरून निर्णय होत नाही.

हा प्रश्न केवळ मुलांपुढेच पडलेला नाही. प्राचीन ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने समुद्रपुष्पांचा उल्लेख करताना त्यांचे स्थान वनस्पती व प्राणी यांच्या दरम्यानचे मानले. पुढे अनेक शतके विद्वानांचे मत असेच दोलायमान राहिले. पोवळ्याची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. पोवळे हे समुद्रपुष्पाचे नातेवाईक होय. जिवंत पोवळ्याच्या फांदीवर पाण्यात लहान पांढरी ‘फुले’ उमलतात, त्यावरून पोवळे ही वनस्पती ठरली होती. १७२० नंतरच्या दशकात मार्सेचा वैद्य झां आंद्रे पेसोनेल याने जिवंत पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून ती फुले पाहिली आणि ती फुले नसून समुद्रपुष्पासारखे लहान प्राणी आहेत, असे कळविले. पॅरिसमधील विख्यात शास्त्रज्ञ रेओम्यूर यास हे पटले नाही. पेसोनेलचे हसे होऊ नये म्हणून त्याने १७२७ साली ते मत विद्वानांपुढे मांडताना त्याचे नावसुद्धा घेतले नाही. १७४० नंतर आब्राहाम ट्रेंब्ली याने गोड्या पाण्यातील हायड्रा या जीवाचे सूक्ष्म निरीक्षण केले, तेव्हा विद्वानांचे मत पालटले आणि रेओम्यूरनेही पेसोनेलचे म्हणणे मान्य केले. मोठ्या माणसाचे मत एका बाजूस व डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट दुसऱ्या बाजूस असेल, तर पुन्हा पाहावे, हा या हकीकतीचा बोध आहे.

मग समुद्रपुष्प हा प्राणी आहे, हे कशावरून म्हणावयाचे ? त्यास तोंड आहे व खाल्लेले पचविण्यासाठी पोकळ पोट आहे. त्यास स्नायू आहेत व मज्जातंतूंचे जाळे आहे. बीडलेट जातीच्या अंगात अन्न तयार करणारे हरितद्रव्य नाही. इतर जीव खाऊनच ती जगते. ही सर्व लक्षणे एकत्र घेतली म्हणजे शंका उरत नाही. वर्गीकरणात समुद्रपुष्प, पोवळे, जेलीफिश व हायड्रा हे सर्व एकाच मोठ्या संघात येतात. शरीराच्या आत एकच पोकळी असल्यामुळे या संघास ‘आंतरगुही’ असे म्हणण्याचा प्रघात आहे.

शरीराची रचना

बीडलेटचे शरीर एखाद्या आखूड नळकांड्यासारखे असते. नळकांड्याचा खालचा भाग म्हणजे चपटी बैठक होय. तिची रुंदी पाच सेंटिमीटरपर्यंत असू शकते. या बैठकीने तो खडकास इतका घट्ट चिकटतो की लाटांचा मारा सोसूनही जागचा हलत नाही. तरीपण तो कायमचा जखडलेला नसतो. बैठकीच्या स्नायूंच्या साहाय्याने तो अत्यंत मंदगतीने सरकतो. त्याचे सरकणे पाहता पाहता दिसत नाही; सकाळी व संध्याकाळी जागा ताडून पाहिली तरच कळते.

नळकांड्याच्या वरच्या टोकास मध्यभागी तोंड असते. तोंडाभोवती जी पाकळ्यांसारखी मऊ बोटे असतात, त्यांना संस्पर्शक म्हणतात. पूर्ण वाढलेल्या प्राण्यात ती सहा वर्तुळांत मांडलेली असून त्यांची संख्या १९२ पर्यंत भरते. तोंडाची वाट आतल्या पोकळीत जाते. ही पोकळी उभ्या पडद्यांनी विभागलेली असते. त्यामुळे अन्न पचविण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो. न पचलेला भाग बाहेर टाकण्यास दुसरे द्वार नसते. तोंडावाटेच तो बाहेर येतो.

या प्राण्यास हाडे नाहीत, हृदय नाही, रक्त नाही, मेंदूही नाही. मग तो ताठ उभा कसा राहतो ? याचे उत्तर पाण्यात आहे. पोटातील पोकळी पाण्याने भरली व तोंड मिटले की आतल्या पाण्याच्या दाबाने शरीर ताठ होते. वर्गात हे दाखविणे सोपे आहे. एक फुगा पाण्याने भरून त्याचे तोंड बांधावे. एका बाजूने दाबताच तो दुसऱ्या बाजूने लांबतो. समुद्रपुष्पाचे स्नायू आतील पाण्यावर असाच दाब देऊन शरीर लांब, आखूड किंवा वाकडे करतात. मिटण्याच्या वेळी ते पाणी तोंडावाटे बाहेर टाकले जाते आणि फुलाचा गोळा होतो.

शिकार आणि दंश

दिसण्यात फुलासारखा नाजूक असलेला हा जीव मांसाहारी आहे. लहान कोळंब्या, खेकडे, बारीक मासे, पाण्याबरोबर वाहत येणारे कीटक, जे काही संस्पर्शकांच्या टप्प्यात येईल ते तो धरतो. त्यास धावता येत नाही. म्हणून भक्ष्यच आपणापर्यंत येईल तोवर तो वाट पाहतो.

पकडण्याचे साधन मात्र विलक्षण आहे. संस्पर्शकांच्या त्वचेत असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी असते व कुपीत एक पोकळ धागा गुंडाळून ठेवलेला असतो. भक्ष्याचा स्पर्श होताच कुपी फुटते आणि धागा उलटून बाहेर झेपावतो. सदऱ्याची बाही आतून उलटी करीत बाहेर काढावी, तसा हा प्रकार. त्यास लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. धाग्यावाटे विष भक्ष्याच्या अंगात जाते व ते लुळे पडते. एक कुपी एकदाच उपयोगी पडते. तिच्या जागी नवी तयार होते. लुळे पडलेले भक्ष्य संस्पर्शक तोंडाकडे नेतात आणि ते गिळले जाते.

बीडलेटला माणसाचे बोट लागले तर फक्त किंचित चिकटल्यासारखे वाटते. बोटाची जाड कातडी त्याच्या धाग्यांना सहसा भेदता येत नाही. तथापि सर्व जाती अशा निरुपद्रवी नाहीत. उष्ण प्रदेशांतील काही समुद्रपुष्पांच्या दंशाने अंगाची आग होते, फोड येतात. म्हणून अनोळखी जातीस मुलांनी हात लावता कामा नये.

या विषाच्या अभ्यासातून वैद्यकशास्त्रासही मोठा लाभ झाला. फ्रान्समध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिये हे समुद्रपुष्पांचे विष कुत्र्यांना टोचून प्रयोग करीत होते. पहिल्या वेळी थोडे विष सहन केलेल्या कुत्र्यास काही आठवड्यांनी अल्पसे विष पुन्हा टोचले, तर सवय होण्याऐवजी त्यास तत्काळ अत्यवस्थता येई, असे त्यांना १९०२ साली आढळले. शरीराची ही उलटी प्रतिक्रिया म्हणजेच ‘ॲनाफायलॅक्सिस’ होय. गांधीलमाशीच्या दंशाने किंवा एखाद्या औषधाने काही माणसे एकाएकी का दगावतात, याचा उलगडा त्यातून होऊ लागला. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ओहोटीतील तप

भरती व ओहोटी यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात राहणे सोपे नाही. पाणी असते तेव्हा लाटांचा तडाखा, पाणी ओसरले की ऊन, वारा, क्वचित पाऊस किंवा थंडी. अंगातील ओलावा गेला तर मृत्यू ठरलेला. अशा वेळी संस्पर्शक आत ओढून, तोंड मिटून, अंगावर बुळबुळीत स्रावाचा थर घेऊन बीडलेट काही तास स्तब्ध राहतो. गोळा झाल्यामुळे उघडा पडणारा पृष्ठभाग कमी होतो व आतला ओलावा टिकतो. सावलीच्या कपारी व डबकी त्यास अधिक मानवतात. इतर अनेक समुद्रपुष्पे खोल पाण्याच्या आश्रयास राहतात. बीडलेट मात्र किनाऱ्याच्या बऱ्याच वरच्या भागातही टिकून राहतो.

त्यालाही शत्रू आहेत. राखाडी रंगाची एक समुद्री गोगलगाय, जिला शंख नसतो, ती समुद्रपुष्पे खाऊन जगते. आश्चर्य असे की खाल्लेल्या समुद्रपुष्पाच्या दंशकुप्यांपैकी काही न फुटता तिच्या पाठीवरील बोटांसारख्या वाढींत जाऊन साठतात, आणि तिच्या रक्षणास उपयोगी पडतात.

जागेसाठी झुंज

निळ्या मण्यांच्या माळेचा उपयोग आता सांगावा. ती शोभेसाठी नाही. ते शस्त्र आहे. खडकावरील चांगली जागा थोडी आणि राहणारे पुष्कळ. दोन बीडलेट सरकत सरकत एकमेकांजवळ आले व त्यांचे संस्पर्शक परस्परांस लागले, म्हणजे दोघांपैकी एक माघार घेतो किंवा झुंज जुंपते. झुंजणारा प्राणी आपले निळे मणी पाण्याने फुगवितो, प्रतिस्पर्ध्यावर वाकतो आणि ते मणी त्याच्या अंगावर दाबतो. मण्यांच्या त्वचेचा दंशपेशींनी भरलेला पापुद्रा शत्रूच्या अंगास चिकटून राहतो व तेथील भाग जळल्यासारखा मरतो. हरलेला प्राणी दूर सरकतो किंवा खडक सोडून लाटांबरोबर वाहून जातो. बहुधा मोठा प्राणी जिंकतो. तांबड्या रंगाचे प्राणी हिरव्यांपेक्षा अधिक भांडखोर असतात, असेही अभ्यासकांस दिसून आले आहे.

ही झुंज अतिशय संथ असते. घाईने किनारा ओलांडून जाणाऱ्यास तेथे दोन शांत फुले शेजारी शेजारी उभी दिसतात. जो तेथे थांबून राहतो, त्यालाच युद्ध दिसते.

पिले

बीडलेटची पिले त्याच्या पोटाच्या पोकळीत वाढतात व तयार झाली की तोंडावाटे बाहेर टाकली जातात. बाहेर पडणारे पिलू म्हणजे बारीक संस्पर्शक असलेले छोटेसे समुद्रपुष्पच असते. ते जवळच्या खडकास चिकटून स्वतंत्र आयुष्य सुरू करते. अशी पिले नराच्याही पोटात आढळतात. आनुवंशिक गुणांची तपासणी केली असता पोटातील पिले पालकाशी तंतोतंत जुळतात, असे आढळले आहे. म्हणजे जास्वंदीची फांदी लावून नवे झाड व्हावे, तद्वत् ती एकाच जीवापासून झालेली असतात. याशिवाय नरमादीच्या बीजांच्या संयोगानेही या जातीचे प्रजोत्पादन होते.

एडिनबरोची ‘आजी’

१८२८ साली सर जॉन ग्रॅहॅम डॅलियल या स्कॉटिश अभ्यासकाने एडिनबरोच्या पूर्वेस असलेल्या नॉर्थ बेरिक येथील खडकावरून एक बीडलेट आणला. तो एका काचेच्या बरणीत समुद्राच्या पाण्यात ठेवला. पाणी नियमितपणे बदलले जाई, व अधूनमधून शिंपल्यातील मांसाचा लहानसा तुकडा त्यास दिला जाई. डॅलियलने वर्षानुवर्षे त्याची नोंद ठेवली. पहिल्या वीस वर्षांत त्याने तीनशेहून अधिक पिले बाहेर टाकली. पुढे अनेक वर्षे एकही पिलू झाले नाही. आणि १८५७ साली एका रात्रीत दोनशेहून अधिक पिले बाहेर पडली. या प्राण्यास लोक प्रेमाने ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणू लागले.

१८५१ साली डॅलियलचा मृत्यू झाला. आजी मात्र जिवंत होती. तिची बरणी प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेली. १८५७ साली तेही वारले. त्यानंतर एकामागून एक अशा आणखी अभ्यासकांनी तिचा सांभाळ केला. शेवटी ती एडिनबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आली. ज्या जीवास एके काळी फूल मानीत, त्या प्राण्याची अखेर वनस्पतिउद्यानात व्हावी, हा मोठा गमतीचा योग होय. १८८७ च्या ऑगस्ट महिन्यात आजी मरण पावली. बरणीत ती ५९ वर्षे जगली.

या कथेतील खरा विचार करण्याजोगा भाग मुलांच्या लक्षात आणून द्यावा. खडकावरचा एक जीव उचलून आणण्यास काही क्षण पुरले. तो जगविण्यास मात्र अनेक माणसांची मिळून ५९ वर्षे लागली. एकाचा हात सुटला तेव्हा दुसऱ्याने बरणी हाती घेतली, पाणी बदलण्याचे कधी सोडले नाही, म्हणूनच समुद्रपुष्पाचे आयुष्य केवढे दीर्घ असू शकते हे जगास कळले.

बरण्यांचे वेड आणि उजाड झालेली डबकी

सर्वच समुद्रपुष्पांचे भाग्य आजीसारखे नव्हते. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरील कर उठला व काच स्वस्त झाली. रेल्वेमुळे समुद्रकिनारा शहरवासीयांच्या आटोक्यात आला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने त्या उभारणीत मोठा भाग घेतला होता. किनाऱ्यावरील जीवांविषयी त्याने लिहिलेली सचित्र पुस्तके फार लोकप्रिय झाली. १८६० साली पूर्ण झालेला ब्रिटिश समुद्रपुष्पांवरील त्याचा ग्रंथ आजही अभ्यासक चाळतात.

या पुस्तकांनी हजारो वाचकांस किनाऱ्याची गोडी लावली. पण त्यांपैकी बहुतेकांनी पाहण्याऐवजी वेचण्यास प्रारंभ केला. टोपल्या, बरण्या व छिन्न्या घेऊन लोक खडकांवर उतरले. घरोघरी काचेच्या पेट्या आल्या. समुद्राचे पाणी बदलण्याची जाण वा सवड फारच थोड्यांना होती. पेटीतील पाणी आटे, खारटपणा वाढे, एक जीव मरून कुजला की सगळे पाणी नासे. जीव मरत आणि लोक पुन्हा किनाऱ्यावर जाऊन नवे आणीत.

गॉसचा मुलगा एडमंड हा लहानपणी वडिलांबरोबर डेव्हनच्या डबक्यांपाशी गुडघे टेकून बसलेला होता. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात त्याने खेदाने लिहिले आहे की, ती रंगीबेरंगी डबकी वेचणाऱ्यांच्या झुंडींनी ओरबाडून उजाड करून टाकली. आणि आपल्या पुस्तकांचा असा परिणाम होईल, हे ज्याच्या स्वप्नातही आले नव्हते, त्या वडिलांस त्याचे फार दुःख झाले. निसर्गाची आवड उत्पन्न करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आवडीबरोबर आवर शिकविला नाही, तर आवडच नाशास कारण होते.

कोकणच्या किनाऱ्यावर

बीडलेट ही जात युरोपकडील असली तरी समुद्रपुष्पांच्या निराळ्या जाती मुंबई, रत्नागिरी व मालवण येथील खडकाळ किनाऱ्यांवरही आढळतात. त्यांचे पाहणे याच रीतीने करता येईल. समुद्राजवळच्या शाळांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. त्या दिवसांत भरती जशी मोठी येते, तशी सुकतीही खोल जाते व खडक दूरवर उघडे पडतात. सुकतीची वेळ गावातील कोळी बांधवांस विचारून घ्यावी. पाणी ओसरत असतानाच खडकांवर जावे व ते फिरू लागताच परतावे.

२. पावसाळ्यात, तसेच वारा व लाटा जोराच्या असताना मुलांस खडकांवर नेऊ नये. शेवाळावरून पाय घसरतो. म्हणून धावू देऊ नये. समुद्राकडे पाठ करून कोणी उभे राहू नये. मुलांच्या लहान तुकड्या कराव्यात व प्रत्येक तुकडीबरोबर एक मोठे माणूस असावे.

३. काहीही खरवडून काढू नये. समुद्रपुष्प ओढून काढले तर त्याची बैठक फाटते. दगड उलथला तर खालचे जीव पाहून तो पूर्ववत ठेवावा. उलटा राहिलेल्या दगडाखालचे जीव उन्हाने मरतात.

४. हात लावू नये. डबक्यावर आपली सावली पडली वा पाणी ढवळले तर जीव मिटतात किंवा दडतात. म्हणून काठाशी शांत बसून निदान दहा मिनिटे पाहावे.

५. बरणी नेऊ नये, वही न्यावी. एकच कपार किंवा एकच डबके निवडून वर्षभर दर महिन्यास त्याचीच नोंद ठेवावी. तारीख, सुकतीची वेळ, समुद्रपुष्पांची संख्या, रंग, उघडी की मिटलेली, जागा बदलली काय, जवळ कोणते इतर जीव आहेत, हे लिहावे व चित्र काढावे. पुढील वर्षीच्या वर्गाने तीच वही पुढे चालवावी. एडिनबरोची बरणी जशी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तशी ही वही एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जावी. अशा वहीतून गावच्या किनाऱ्याचे जे ज्ञान साठेल, ते कोणत्याही छापील पुस्तकात मिळावयाचे नाही.

समुद्रापासून दूरच्या शाळांनी लाजाळू, दवबिंदू व समुद्रपुष्प यांची तुलना करणारा तक्ता करावा, पाण्याच्या फुग्याचा प्रयोग करावा व उघडे आणि मिटलेले समुद्रपुष्प मातीत घडवावे. शाळेच्या आवारातील लाजाळूच्या एका रोपाची वर्षभर नोंद ठेवली तरी पाठाचा हेतू साध्य होईल.

फळ्यावरील सारांश

समुद्रपुष्प हा आंतरगुही संघातील प्राणी आहे. त्याचे शरीर नळकांड्यासारखे असून खाली बैठक, वर तोंड व भोवती संस्पर्शक असतात. दंशपेशींनी तो भक्ष्य पकडतो. ओहोटीत मिटून ओलावा राखतो. निळ्या मण्यांनी जागेसाठी झुंजतो. पोटात पिले वाढवितो. त्यास जाणावयाचे तर त्याच्या जागी जाऊन, वाट पाहून जाणावे.

प्रश्न

१. लाजाळू मिटते व समुद्रपुष्पही मिटते. तरी एक वनस्पती व दुसरा प्राणी का?

२. हाडे नसताना समुद्रपुष्प ताठ कसे उभे राहते ?

३. ओहोटीच्या वेळी ते मिटले नाही तर काय होईल ?

४. पेसोनेलचे म्हणणे प्रथम का मानले गेले नाही, व नंतर का मानले गेले ?

५. एडिनबरोची ‘आजी’ ५९ वर्षे जगली आणि इतरांच्या पेट्यांतील समुद्रपुष्पे मेली. या फरकाची कारणे लिहा.